रस्त्याखालील खचती जमीन

महाडहून दक्षिणेस निघालें कीं पोलादपूरपाशीं रस्त्याला दोन फांटे फुटतात. एक आंबेनळी घाटानें महाबळेश्वरकडे चढतो. दुसरा, म्हणजे मुंबई-गोवा महामार्ग, कशेडी घाट ओलांडून खेडकडे जातो. या घाटांत भोगावजवळ रस्त्याचा एक भाग पावसाळ्यांत वारंवार खचत आला आहे. एका आषाढांत मी एस्. टी. च्या गाडींतून जात असतां तेथें दोन तास अडकून पडलों होतों. खचलेल्या जागीं मुरूम ओतून वर खडी दाबण्याचें काम चाललें होतें. शेजारीं बसलेले वृद्ध शेतकरी म्हणाले, "गुरुजी, दरसाल भरवतात, पण ह्याचं पोट काय भरत नाय." हें पोट कां भरत नाहीं, आणि वाहतूक बंद न पाडतां हा रोग बरा कसा करावा, याचा आज थोडा विचार करूं.

आपल्या डोंगरांचा गाभा काळ्या कठीण पाषाणाचा आहे. परंतु ऊनपावसानें त्याच्या वरच्या थराची झीज होऊन तांबूस माती व सुटे दगड उतारावर सांठलेले असतात. घाटरस्ता बहुधा डोंगराची एक बाजू तासून व दुसऱ्या बाजूस भराव घालून केलेला असतो. या भागांत वर्षाकांठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तोहि बहुतेक चार महिन्यांतच. पाणी मातींतून खालीं झिरपतें, खडकापाशीं अडतें आणि तेथेंच सांठूं लागतें.

त्यानें काय होतें, हें घरच्या घरीं पाहतां येईल. कढत पाण्यानें विसळलेला पेला ओल्या गुळगुळीत ओट्यावर उपडा ठेवा. कित्येकदां तो आपोआप सरकूं लागतो. पेल्याचें वजन कमी झालेलें नसतें. पण आंत कोंडलेली हवा तापून फुगते व त्या वजनाचा कांहीं भार आपल्यावर घेते. त्यामुळें पेल्याच्या कांठाचें ओट्याशीं घर्षण उरत नाहीं. मातींत हवेचें हें काम कोंडलेलें पाणी करतें. कणाकणांमधील दाब घटतो, घर्षण घटतें आणि उतार सुटतो. कार्ल टेर्झागी यांनीं १९२५ सालच्या आपल्या ग्रंथांत मातीच्या शास्त्राचा पाया घातला, तो याच विचारावर.

आतां त्या शेतकऱ्याच्या बोलण्याचें मर्म ध्यानांत येईल. खचलेल्या जागीं ओतलेला मुरूम म्हणजे घसरूं पाहणाऱ्या मातीच्या डोक्यावर ठेवलेलें नवें ओझें होय. पाणी आंत तसेंच, आणि वरचा भार मात्र दरसाल वाढलेला! रोग्याला औषध न देतां त्याच्या अंगावर गोधड्या चढवाव्या, तसा हा उपचार आहे.

मग रस्ता बंद करून सारें मुळापासून खणून काढावें, असें कोणी म्हणेल. पण या मुलखांत पर्यायी वाटा थोड्या, आणि त्याहि अशाच डोंगरांतून गेलेल्या. २००५ च्या जुलैंत दासगाव, जुई, रोहन व कोंडिवते या गांवांवर दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजीं तळिये गांवीं ऐंशीहून अधिक माणसें गाडलीं गेलीं, आणि त्याच पावसांत आंबेनळीचा रस्ताहि तुटला. कशेडीस आतां सुमारें दोन किलोमीटरांचा जुळा बोगदा झाला आहे. त्याची एक बाजू २०२३ च्या गणेशोत्सवापूर्वीं हलक्या वाहनांस प्रथम खुली झाली. परंतु बोगद्यानें लांबचा प्रवासी सुटला; घाटांतल्या वाड्यांवरील अडलेल्या बाळंतिणीला जुनाच रस्ता आहे.

सुदैवानें उपचाराचा मोठा भाग रस्त्याच्या बाजूनेंच करतां येतो. प्रथम परीक्षा. कडेला खोल भोंक पाडून त्यांत नळी बसवितात. काहीं महिन्यांनीं ती किती खोलीवर वांकली हें मोजलें, म्हणजे जमीन कोठून सरकते तें कळतें. नंतर पाण्याची वाट. डोंगराच्या अंगास चर खणून पावसाचें पाणी वरच्यावर वळवितात. खालच्या उतारावरून, किंचित् वर चढत जाणारीं लांब भोंकें पाडून त्यांत छिद्रांच्या नळ्या सरकवितात, म्हणजे आंतलें पाणी आपोआप बाहेर निथळतें. हें चाललें असतां वर गाड्या खुशाल धांवत असतात.

तिसरें काम बांधून धरण्याचें. उताराच्या पायथ्याशीं तारेच्या जाळींत दगड भरून भिंत रचतात; ती भार पेलते आणि पाणीहि जाऊं देते. उतारांत पोलादी गज घालून भोंवतीं सीमेंटचा रस भरतात. फ्रान्समध्यें व्हर्सायजवळ रेल्वेच्या कामावर १९७२ च्या सुमारास ही युक्ति प्रथम नांवारूपास आली. जागा अगदींच अपुरी असेल तेथें लहान यंत्रानें वीतभर व्यासाचे खांब रस्त्यांतूनच खडकापर्यंत उतरवितात. त्यास रस्त्याची एकच बाजू लागते. दुसरीवरून आळीपाळीनें वाहतूक सोडतां येते. दाबानें सीमेंटचा रस भरण्याचाहि एक मार्ग आहे. पण तो पोकळ्यांत व रेताड जमिनींत शिरतो, चिकण मातींत शिरत नाहीं. शिवाय अविचारानें भरल्यास पाण्याच्या वाटाच बुजतात, आणि उपाय अपायास कारण होतो.

वरचा डांबरी थर सर्वांत शेवटीं, आणि तोहि अर्धा अर्धा. हीं सारीं कामें दिवाळीनंतर आरंभून मृगापूर्वीं आटोपलीं पाहिजेत. रस्ता आषाढांत खचलेला दिसतो, म्हणून आषाढांतच धांवाधांव होते. वास्तविक त्याच्या उपचाराचा काळ कोरडा असतो, आणि त्या वेळीं त्याची कोणास आठवण नसते.

म्हणून पुढच्या खेपेस घाटांत लाल निशाण दाखवून आपली गाडी थांबविली, तर चिडूं नये. खालीं उतरून एकच प्रश्न विचारावा: "पाणी कोठून बाहेर काढलेंत?" याचें उत्तर उताराकडे बोट दाखवून मिळालें, तर अर्धा तास सत्कारणीं लागला असें समजावें. उत्तरादाखल नुसता मुरुमाचा ढीग दाखविला, तर पुढील आषाढांतहि तेथेंच थांबण्याची तयारी ठेवावी.