बर्फात ठेवलेली नळी

गुडघा वरचेवर सुजणारा, दात पडला की रक्त लवकर न थांबणारा मुलगा माधवनगरच्या एखाद्या दवाखान्यात येतो, डॉक्टरांना हिमोफिलियाची शंका येते आणि निळ्या टोपणाच्या नळीत त्याचं रक्त घेतलं जातं. पुढचा प्रवास सांगली-मिरजेचा, आणि रक्त गोठवणाऱ्या घटकांचं नेमकं प्रमाण मोजायचं तर बहुधा पुण्या-मुंबईचा. अहवालावर विश्वास का ठेवायचा, असं विचारलं तर आपण यंत्राकडे आणि भिंतीवरच्या प्रमाणपत्राकडे बोट दाखवतो. पण आनुवंशिक रक्तस्रावाच्या आजारांत निकाल बरा की वाईट हे बरंचसं यंत्रापर्यंत पोचण्याआधीच, रक्त घेतलेल्या खोलीत ठरून जातं. गुणवत्तेची आपली देखरेख नेमकी तिथेच सर्वांत कमी आहे.

त्या नळीत ३.२ टक्के सोडियम सायट्रेट असतं आणि त्याच्या एका भागाला रक्ताचे नऊ भाग लागतात. मूल रडतं, शीर सापडत नाही, नळी खुणेपर्यंत भरत नाही. मग सायट्रेट जास्त होतं, एपीटीटी, म्हणजे तपासणीत रक्त गोठायला लागणारा वेळ, लांबतो आणि निरोगी मूलही आजारी दिसू शकतं. दुसरी चूक चांगल्या हेतूने होते. सांगलीच्या उन्हाळ्यात नमुना खराब होईल म्हणून नळी बर्फाच्या डब्यात ठेवली जाते. अनेक तपासण्यांसाठी ते योग्यच असतं, पण इथे घातक ठरतं. प्लाझ्मा वेगळा न करता रक्त गार ठेवलं की फॉन विलेब्रँड घटक आणि त्याच्या आधाराने टिकणारा आठवा घटक, दोन्ही कमी भरतात. हा नमुना खोलीच्या तापमानालाच ठेवायचा, चार तासांच्या आत सेंट्रिफ्यूजवर फिरवायचा, शक्यतो दोनदा, म्हणजे प्लाझ्मात प्लेटलेट जवळपास उरत नाहीत. लांब पाठवायचा असेल तर गोठवायचा तो प्लाझ्मा. गोठवलेला प्लाझ्मा पुन्हा वितळवायचा तोही ३७ अंशांच्या पाण्यात, काही मिनिटांत. फ्रिजमध्ये सावकाश वितळू दिला तर आठवा घटक गाळात बसतो. रक्तपेढ्या क्रायोप्रेसिपिटेट याच गुणधर्माचा मुद्दाम उपयोग करून बनवतात. तपासणीच्या नळीत मात्र तेच घडलं तर वरच्या प्लाझ्मात घटक कमी सापडतो आणि कोणाला शंकाही येत नाही.

आता देखरेखीकडे पाहू. प्रयोगशाळा रोज नियंत्रण-प्लाझ्मा चालवते आणि त्याचे आकडे आलेखावर मांडते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजची बाह्य गुणवत्ता योजना देशभरच्या प्रयोगशाळांना नमुने पाठवते. जागतिक हिमोफिलिया महासंघाचीही अशी आंतरराष्ट्रीय योजना २००४ पासून आहे. ही कामं मोलाची आहेत, त्यांच्यावाचून दोन प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशी ताडताच आले नसते. पण घटक मोजण्यासाठी येणारा नेहमीचा नमुना म्हणजे सुकवलेला प्लाझ्मा. मोजून पाणी घातलं की तो तयार. त्याने रडणारं मूल पाहिलेलं नसतं, बर्फाचा डबाही नाही. त्यात पूर्ण गुण मिळवणारी प्रयोगशाळा दुसऱ्याच दिवशी बिघडलेल्या रक्तावर अत्यंत अचूक आकडा काढू शकते.

आयएसओ १५१८९ या मानकात नमुना घेण्यापासूनचे नियम आहेत, असं कोणी म्हणेल. आहेत खरे. पण आपल्याकडे त्या मानकानुसार प्रयोगशाळांना दिलं जाणारं एनएबीएलचं मानांकन ऐच्छिक आहे आणि गावोगावच्या बहुतेक लहान प्रयोगशाळा त्याबाहेर आहेत. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कुटुंबाचा इतिहास आणि लक्षणं पाहणारा डॉक्टर चुकीचा आकडा ओळखेलच. तीव्र हिमोफिलियात, म्हणजे घटक एक टक्क्याहून कमी असताना, बहुधा ओळखेल. पण पाच ते चाळीस टक्क्यांच्या सौम्य आजारात लक्षणं अंधूक असतात. तिथे आकडाच निर्णय देतो. गारठ्याने दोन्ही घटक घटलेल्या नमुन्यावरून फॉन विलेब्रँड आजाराचा शिक्का बसला, तर तो त्या मुलाच्या शस्त्रक्रियेपर्यंत आणि बहिणीच्या बाळंतपणापर्यंत सोबत जातो. हिमोफिलिया २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातही आहे, त्यामुळे त्या कागदावर हक्कही अवलंबून असतो.

मग रुग्णालाच मुंबईला का पाठवू नये? परळला के.ई.एम.च्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. प्लेटलेटच्या कार्याची तपासणी करायची तर पाठवायलाच हवं, कारण तिला काही तासांतलं ताजं रक्त लागतं. पण प्रत्येक शंकेसाठी सुजलेल्या गुडघ्याच्या मुलाला रात्रभर बसमध्ये बसवणं आणि बापाची मजुरी बुडवणं हा उपाय नव्हे. सांगली किंवा मिरजेत प्लाझ्मा वेळेत वेगळा करून गोठवता आला, तर कोरड्या बर्फात तो मुंबईला जाऊ शकतो. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. लागते ती नळीसोबतची चिठ्ठी: रक्त कधी घेतलं, नळी पूर्ण भरली का, बर्फात ठेवली होती का, प्लाझ्मा किती वाजता वेगळा केला, आधी कोणता घटक टोचला होता. हीच उत्तरं मागणारा आणि ती नसतील तर नमुना परत करणारा मोठ्या प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा गुणवत्ता-अधिकारी आहे. मुलाला पुन्हा सुई टोचणं क्रूर वाटतं, आणि रक्तस्रावाचा आजार असलेल्या मुलाला तर अधिकच. म्हणून परत केलेल्या नमुन्यांची कारणं महिन्याला मोजून जिथे रक्त घेतलं त्या माधवनगर-बुधगावच्या खोलीपर्यंत लेखी कळवायला हवीत, म्हणजे पुढच्या मुलाला दुसरी सुई लागणार नाही.