मध्यस्थीत बोललेलं कोर्टात अंगलट येतं का?

बांधाचा दावा सुरू असला की न्यायाधीश साहेब कधीकधी विचारतात, मध्यस्थीला जाता का? आपली माणसं लगेच नाही म्हणतात. भीती एकच, तिथं 'बांध दोन हात सरकलाय' असं तोंडातून गेलं तर उद्या तेच अंगलट येईल.

तसं होत नाही. मध्यस्थीतलं बोलणं गोपनीय असतं, पुरावा म्हणून वापरता येत नाही. मध्यस्थ म्हणजे प्रशिक्षण घेतलेले वकील किंवा न्यायाधीश, पण तुमचा दावा चालवणारे नव्हेत. ते निकाल देत नाहीत. दोघांना समोरासमोर बसवतात, लागलं तर वेगवेगळं ऐकून घेतात. खरं कारण बऱ्याचदा तिथंच निघतं. वाद बांधाचा असतो, राग मात्र विहिरीच्या पाळीचा, नाहीतर लग्नाला न बोलावल्याचा. दाव्याच्या कागदात हे कुठं लिहिणार? नाही जमलं तर दावा होता तिथून पुढं चालू.

सही मात्र विचार करून करा. लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते, पण त्यावर अपील नाही. म्हणून गट नंबर, मोजणीचा नकाशा, किती फूट, दगड कोण रोवणार, खर्च कोणाचा, सगळं आधी लिहून घ्या. सातबाऱ्यावर बहिणींची नावं असतील तर त्यांनाही बोलवा, नाहीतर मिटलेलं पुन्हा उकरलं जातं.

दावा अजून टाकलाच नसेल तरी तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे अर्ज देता येतो.