दात काढला, इम्प्लांट कधी?

मलकापूरहून दातांसाठी कोल्हापूर गाठायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. म्हणून बरेचजण दुखरा दात काढून येतात आणि इम्प्लांटचं 'बघू पुढं' म्हणतात. नुकसान इथंच होतं. दात गेला की त्याला धरून ठेवणाऱ्या हाडाला काम उरत नाही. वर्षभरात त्याची रुंदी जवळपास निम्म्यावर येऊ शकते, आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या ३ महिन्यांतच होते.

मग लगेच बसवावं का? पू नसेल, खोबणीच्या भिंती शाबूत असतील, तर त्याच दिवशीही बसवता येतं. नाहीतर हिरडी भरून येईपर्यंत ४ ते ८ आठवडे थांबतात. हाड फार खराब झालं असेल तर ३ ते ६ महिने.

इम्प्लांट ज्या टायटॅनियमचं असतं त्याच्याशी हाड एकजीव होतं, हे स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांना १९५२ मध्ये सशांवरच्या प्रयोगात दिसलं. १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला असे दात बसले. या जुळणीला आजही काही महिने द्यावेच लागतात. मिश्री, तंबाखू आणि आटोक्यात नसलेला मधुमेह तिचा घात करतात.

दात काढण्याआधीच डॉक्टरांना विचारा: इम्प्लांट कधी, आणि तोवर हाड कसं राखायचं?