कोब्रा बांधावी की बांधलेली घ्यावी?

‘तयार कशाला घेतोस? किट मागव, घरच्या गॅरेजमध्ये बांध. निम्म्या पैशात गाडी उभी राहते.’ अमेरिकेत राहणाऱ्या, जुन्या स्पोर्ट्‌स कारचं वेड असलेल्या मराठी मंडळींमध्ये हा सल्ला इतक्या ठामपणे दिला जातो की ऐकणारा हिशेब मागायला धजत नाही. मी मागतो. समोरून दर वेळी एकच आकडा येतो, किटच्या किमतीचा. इंजिन धरलंस का, असं विचारलं की चेहरा जरा बदलतो. रंगाचे किती, असं विचारलं की विषयच बदलतो.

ही चर्चा बहुतेक वेळा एकाच गाडीभोवती फिरते, ती म्हणजे शेल्बी कोब्रा. टेक्सासचा रेसिंग ड्रायव्हर कॅरोल शेल्बी याने १९६१ मध्ये इंग्लंडच्या एसी कार्स या छोट्या कंपनीला पत्र लिहिलं : तुमच्या ‘एस’ या हलक्या गाडीत अमेरिकी व्ही-८ इंजिन बसवता येईल का? इंजिन फोर्डने दिलं आणि १९६२ मध्ये पहिली कोब्रा रस्त्यावर आली. फुगीर मडगार्डची, सात लिटर इंजिनाची जी कोब्रा आपल्या डोळ्यांपुढे येते, ती १९६५ची. साठच्या दशकात सगळ्या प्रकारच्या मिळून जेमतेम हजारभर कोब्रा बनल्या. पहिली गाडी, चासी क्रमांक सीएसएक्स २०००, ऑगस्ट २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेच्या लिलावात १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरला गेली. अस्सल कोब्रा नोकरदार माणसाच्या आवाक्यात नाही, म्हणून रेप्लिकेची बाजारपेठ उभी राहिली. मॅसॅच्युसेट्समधल्या वेअरहॅमची ‘फॅक्टरी फाइव्ह रेसिंग’ ही कंपनी १९९५ पासून किट विकते आहे. रविवारी सकाळी गाडीशौकिनांच्या मेळाव्यात दिसणारी कोब्रा जवळजवळ नेहमीच रेप्लिका असते.

आता हिशेब. किटच्या खोक्यांतून येते नळ्यांची चौकट, फायबरग्लासची बॉडी, सस्पेन्शनचे भाग, वायरिंग, सीट, स्टिअरिंग, डॅशबोर्डवरची मीटर. पूर्ण किट म्हटलं तरी त्यात इंजिन नसतं. गिअरबॉक्स नसतो. मागचा ॲक्सल, चाकं, टायर नसतात. बॉडीला रंग नसतो. किटचेच वीस हजार डॉलरच्या वर जातात. त्यावर नवं कोरं इंजिन घेतलं तर साधारण आठ ते दहा हजार, पाच गिअरच्या ट्रेमेक गिअरबॉक्सचे तीन हजारांहून जास्त, ॲक्सल आणि चाकं-टायर मिळून आणखी चार-पाच हजार.

आणि मग रंग, जो कुणीच धरत नाही. फायबरग्लासची बॉडी साच्यातून निघते तेव्हा साच्याचे भाग जिथे जुळले तिथे उंचवट्याच्या रेघा राहिलेल्या असतात. त्या नुसत्या पॉलिश पेपरने घासून जात नाहीत. रेघ खोल खरवडायची, तिथे नवं फायबर किंवा फिलर भरायचं, वाळू द्यायचं, पुन्हा सपाट करायचं. घाई केली तर वर्षभरात उन्हात गाडी तापली की तीच रेघ चकचकीत रंगाखालून वर येते. दरवाजे, बॉनेट, डिकी यांच्या भोवतीच्या फटी कुठे बोटभर, कुठे नखभर असतात. त्या सगळीकडे सारख्या करून घ्याव्या लागतात. मग प्रायमर, लांब लाकडी पट्टीला पेपर लावून घासणं, पुन्हा प्रायमर, पुन्हा घासणं. चांगला पेंटर या कामाचे दहा हजार डॉलर आणि त्यापुढे घेतो, आणि ते योग्यच आहेत, कारण यात यंत्राचं काम थोडं आणि हाताचं फार.

इंजिन उचलायचा होइस्ट, टॉर्क रेंच, ब्रेकच्या नळ्यांची तोंडं फुलवायचं हत्यार, चुकून मागवलेले भाग, बदललेले विचार, हे सगळं धरून बेरीज पन्नास हजार डॉलरच्या आसपास पोचते. यात बांधणाऱ्याची मजुरी शून्य धरली आहे. तेवढ्याच पैशात, अनेकदा त्याहून कमीत, दुसऱ्याने जीव लावून बांधलेली, हजार-दोन हजार मैल चाललेली, कागदपत्रं झालेली गाडी मिळते. याचं कारण साधं आहे. बांधणाऱ्याने दोन-तीन हिवाळे गॅरेजमध्ये काढले, त्याचे पैसे बाजार देत नाही. त्याला त्या तासांत जे मिळायचं ते मिळालेलं असतं. घेणाऱ्याला ते तास फुकट मिळतात.

जुनी मस्टँग घेऊन तिचं इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल काढून वापरला तर खर्च खूप खाली येतो, हे खरं आहे. फॅक्टरी फाइव्हची किटं सुरुवातीला त्याच बेताने बनली होती. पण मग तुलनाही तशाच गाडीशी करायला हवी. जुन्या इंजिनावर, साध्या रंगात उभी केलेली तयार गाडी बाजारात आणखी स्वस्त मिळते. स्वतःच्या गाडीचा हिशेब जुन्या इंजिनाने करायचा आणि तयार गाडीचा भाव मात्र नव्या इंजिनाच्या चकाचक गाडीचा सांगायचा, ही फसवाफसवी आहे. सल्ला देणाऱ्याला ते कळत नसेल असं मला वाटत नाही.

विक्रीच्या जाहिरातींत अर्धवट सोडलेली किटं सतत दिसतात. ‘नव्वद टक्के काम झालंय’ असं लिहिलेलं असतं. उरलेल्या दहा टक्क्यांत वायरिंग, रंग आणि नोंदणी असते, म्हणजे ज्याच्यापाशी येऊन आधीचा मालक थकला ते सगळं. मूल झालं, बदली झाली, पाठ धरली, कारणं काहीही असोत. अशी अर्धवट गाडी विकताना घातलेले पैसे बहुधा निघत नाहीत. बांधणं स्वस्त म्हणणाऱ्यांच्या हिशेबात ही माणसं कधीच नसतात.

मग ही समजूत आली कुठून? ती कधीकाळी खरी होती, पण दुसऱ्या देशात. ब्रिटनमध्ये युद्धानंतर तयार मोटारीवर जबर खरेदी कर होता. सुट्या भागांत विकलेल्या मोटारीवर तो लागत नसे. १९५७ मध्ये कॉलिन चॅपमनची ‘लोटस सेव्हन’ आली ती याच वाटेने. सुट्या भागांबरोबर जोडणीच्या सूचना दिल्या तर करसवलत जायची, म्हणून लोटसने गाडी सुटी कशी करावी याच्या सूचना दिल्या आणि गिऱ्हाइकांनी त्या उलट्या वाचल्या, असा किस्सा सांगतात. करच वाचत असल्याने तिथे बांधणं खरोखर स्वस्त पडत होतं. १ एप्रिल १९७३ रोजी मूल्यवर्धित कर लागू झाला आणि हा फायदा संपला. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क कॅटरहॅमकडे गेले, आणि कॅटरहॅम आजही ती गाडी किट म्हणून आणि तयार, दोन्ही रूपांत विकते. त्यांच्या किटमध्ये इंजिन-गिअरबॉक्सही घेता येतो, त्यामुळे घरी जोडली तर जोडणीची मजुरी वाचते. बचत तेवढीच. पन्नास वर्षांपूर्वी रद्द झालेल्या ब्रिटिश कराच्या आधारावर आज न्यू जर्सीत कुणी गाडीचं बजेट आखावं, हे मला सहन होत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा नाही, मानाचा आहे : ‘स्वतः बांधली नाहीस, मग ती तुझी कसली?’ १९६५ मध्ये ज्यांनी कोब्रा घेतली त्यांनी ती विक्रेत्याकडून तयारच घेतली होती. खुद्द शेल्बीही गाडी पहिल्या नळीपासून बांधत नव्हता. इंग्लंडहून बॉडी आणि चौकट इंजिनाशिवाय जहाजाने यायची आणि कॅलिफोर्नियात त्याच्या शॉपमध्ये फोर्डचं इंजिन बसायचं. आज ‘सुपरफॉर्मन्स’च्या गाड्या दक्षिण आफ्रिकेतून रंगासकट तयार होऊन इंजिनाशिवाय अमेरिकेत येतात आणि तिथला विक्रेता इंजिन बसवून देतो. म्हणजे मूळ कोब्राची जी रीत होती तीच ही रीत. बांधण्याचा छंद आणि चालवण्याचा छंद हे दोन वेगळे छंद आहेत. ज्याला वेल्डिंगचा वास आणि वायरिंगचा आराखडा आवडतो त्याने जरूर बांधावी, पैसे वाचतील म्हणून मात्र नाही. ज्याला ऑक्टोबरात पानं रंगली असताना घाटातून गाडी चालवायची आहे, त्याने तयार घ्यावी आणि कुणाची माफी मागू नये.

पण ‘तयार घेतली की काळजी मिटली’ हाही गैरसमजच, आणि त्यात धोका जास्त. ही गाडी कुठल्याही कारखान्याने तपासलेली नाही. एका माणसाने त्याच्या समजुतीने जोडलेली आहे. म्हणून आधी कागद बघायचे, मग गाडी. अमेरिकेत मालकीच्या कागदाला टायटल म्हणतात. त्यावर किट कंपनीचं नाव, किंवा राज्याच्या नियमाप्रमाणे रेप्लिका, असेंबल्ड असा शब्द हवा. किट कंपनीने दिलेला उत्पत्तीचा दाखला आणि इंजिनाची पावती असेल तर उत्तम. रेप्लिकेच्या टायटलवर नुसतंच ‘१९६५ शेल्बी’ लिहिलेलं असेल तर राज्याच्या मोटार खात्याकडे खात्री होईपर्यंत पैसे देऊ नका. गाडी कितीही देखणी असो, चुकीचा कागद तुमच्या नावावर आला की ती तुमची डोकेदुखी. कॅलिफोर्नियात तर धूर-चाचणीसाठी अशा गाडीचं साल मूळ मोटारीप्रमाणे धरून मिळण्याचे दाखले वर्षाला फक्त ५०० निघतात. दुसऱ्या राज्यात नोंदलेली गाडी तिथे आणली की तिथल्या नियमांतून जावंच लागतं.

कागद पटले की गाडी लिफ्टवर घ्यायला सांगा. मालक टाळाटाळ करत असेल तर तिथूनच परत फिरा. खाली उभं राहून टॉर्च मारा. सस्पेन्शनच्या प्रत्येक बोल्टवर रंगीत मार्करची आडवी रेघ, बोल्टावरून नटावर गेलेली, दिसते का? तशी रेघ असली म्हणजे बांधणाऱ्याने तो बोल्ट टॉर्क रेंचने आवळून खूण केली आहे, आणि रेघ तुटली असेल तर नट फिरला आहे. ब्रेकच्या नळ्या थोड्या थोड्या अंतरावर क्लिपने चौकटीला पकडलेल्या हव्यात. लोंबणारी नळी हलून हलून झिजते. पेट्रोलची रबरी नळी एक्झॉस्टच्या जवळून गेली आहे का, ते बघा. पत्र्याच्या भोकातून तारा जातात तिथे रबरी कडी हवी. नसेल तर तार एक दिवस कापली जाऊन शॉर्ट होणार. वर येऊन बॉडीवरून तळहात फिरवा. बिजागरांजवळ, हेडलाइटच्या कडेला चांदणीसारखे बारीक तडे असतील तर खालची चौकट पिळवटते आहे किंवा बॉडी जबरदस्तीने बसवली आहे. हे सगळं जमत नसेल तर अशाच गाड्यांवर काम करणारा मेकॅनिक पैसे देऊन सोबत न्या. पन्नास हजारांच्या व्यवहारात ते पैसे वाचवू नयेत.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘रेप्लिकेची किंमत अस्सल गाडीसारखी वाढत जाते.’ वाढत नाही. किंमत सीएसएक्स नंबराची आणि इतिहासाची असते, आकाराची नव्हे.

‘कंपनीने इंजिनासकट तयार रेप्लिका विकणं अमेरिकेत बेकायदा आहे.’ पूर्वी व्यवहारात तसंच होतं. २०१५ च्या कायद्याने छोट्या कंपन्यांना वर्षाला ३२५ पर्यंत रेप्लिका विकायची वाट उघडली आणि २०२१ मध्ये त्याचे नियम आले. गाडीचं मूळ मॉडेल किमान २५ वर्षं जुनं हवं आणि इंजिन आजच्या प्रदूषण नियमांत बसणारं हवं.

‘जितके हॉर्सपॉवर तितकी चांगली.’ या गाड्यांचं वजन हजार-अकराशे किलो, आणि बहुतेकींत एबीएस नाही, एअरबॅग नाही. थंड टायरवर पाचशे हॉर्सपॉवरचा पाय जरा जोरात पडला की गाडी आडवी फिरते. पहिल्यांदा घेणाऱ्याने तीनशेच्या आसपासची गाडी शोधावी; ती भरपूर वेगवान असते.

‘नेहमीचा विमा चालतो.’ चालवू नका. मूल्य आधी ठरवून घेणारी पॉलिसी घ्या. नाहीतर अपघातानंतर कंपनी या गाडीची किंमत कशाच्या आधारे ठरवेल, ते तुमच्या हातात राहत नाही.

‘उघडी गाडी, उतरताना काय लागणार?’ दाराखालून जाणारा एक्झॉस्ट पाइप लागणार. त्याने पोटरी भाजते. कोब्रावाले त्याला ‘साप चावला’ म्हणतात. पाय लांब टाकून उतरायची सवय करा आणि मुलांना आधी सांगा.

‘निवृत्तीनंतर पुण्याला परतताना गाडी सोबत नेऊ.’ हे मनातून काढून टाका. भारतात वापरलेली मोटार आणायची तर ती बनून तीन वर्षांहून जास्त काळ झालेला चालत नाही आणि स्टिअरिंग उजवीकडे लागतं; अमेरिकेतल्या कोब्राचं डावीकडे असतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये आलेली व्हिंटेज गाड्यांची ‘व्हीए’ नोंदणी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीसाठी आहे. पाच वर्षांपूर्वी वेअरहॅमहून खोक्यांत आलेली गाडी त्यात बसत नाही, मग ती तुम्ही बांधलेली असो की विकत घेतलेली. परतायचं ठरलं की ती तिथेच विका, आणि विकताना पावत्यांची फाइल पुढच्या मालकाच्या हातात द्या.