जुनी रुग्णपत्रके, नवा संगणक आणि डिस्प्ले ड्रायव्हर

थळ-अलिबागच्या किनाऱ्यावरील खारा वारा लोखंडी डब्यांस गंज चढवितो, तसाच तो संगणकाच्या अंतर्भागासही झिजवितो. ज्या वैद्यांनी व फार्मसीचालकांनी विंडोज ९८ च्या काळात रुग्णपत्रके आणि बॅच-नोंदी संगणकावर ठेवल्या, त्यांची यंत्रे आता अखेरच्या घटका मोजीत आहेत. विंडोज ९८ चे साहाय्य मायक्रोसॉफ्टने जुलै २००६ मध्ये, तर एक्सपीचे एप्रिल २०१४ मध्ये थांबविले. शिवाय ६४-बिट विंडोजवर जुने १६-बिट कार्यक्रम चालत नाहीत. अशा वेळी नव्या संगणकातच आभासी संगणक उभा करून त्यात जुनी प्रणाली बसविणे, हा व्यवहार्य मार्ग होय. त्यासाठी व्हर्च्युअलबॉक्स विनामूल्य मिळते.

मात्र विंडोज ९८ बसविताच एक लक्षण हमखास दिसते : पडदा ६४० × ४८० बिंदूंचा व रंग केवळ १६. रुंद तक्त्यातील मात्रा व अनुपान यांचे रकाने पडद्याबाहेर जातात. रसकल्प वा वत्सनाभयुक्त योगाची मात्रा अर्धवट वाचली जाणे किती घातक, हे वैद्यास सांगणे नलगे.

येथे हेतू स्पष्ट आहे. आभासी संगणकाचे डिस्प्ले कार्डही आभासीच असते आणि विंडोज ९८ त्यास ओळखत नाही. म्हणून ती प्राथमिक व्हीजीए ड्रायव्हरवर भागविते. व्हर्च्युअलबॉक्सची 'गेस्ट अ‍ॅडिशन्स' या प्रणालीसाठी नाहीत. उपाय म्हणजे व्हीबीईएमपी हा सर्वसाधारण व्हेसा ड्रायव्हर.

क्रम असा ठेवावा. आभासी यंत्रास २५६ एमबी स्मृती द्यावी. ५१२ एमबीहून अधिक स्मृती विंडोज ९८ ला सोसत नाही. ग्राफिक्स कंट्रोलर 'व्हीबॉक्स-व्हीजीए' निवडावा. पुढे जाण्यापूर्वी 'स्नॅपशॉट' घ्यावा, म्हणजे बिघाड झाल्यास पूर्वस्थितीत परतता येते. ड्रायव्हर आयएसओ फाइलच्या रूपाने आभासी सीडी-ड्राइव्हला जोडावा. नंतर डिव्हाइस मॅनेजरमधील डिस्प्ले अ‍ॅडॅप्टरचा ड्रायव्हर बदलताना सीडीवरील आयएनएफ फाइल दाखवावी. यंत्र पुन्हा सुरू केल्यावर १०२४ × ७६८ व १६-बिट रंग निवडावेत.

एक्सपीसाठी 'गेस्ट अ‍ॅडिशन्स'मधीलच ड्रायव्हर वापरावा. या जुन्या प्रणालींना इंटरनेट मात्र जोडू नये.

ड्रायव्हर केवळ पडदा सुधारतो. अक्षरांसाठी मूळ मराठी फॉन्टही बसवावा लागतो. सी-डॅकच्या जिस्ट कार्डावर डॉसमध्ये केलेल्या नोंदी या मार्गाने वाचता येणार नाहीत, कारण आभासी यंत्रात ते कार्डच नसते. त्या मजकुराचे स्वतंत्र रूपांतर करावे लागते.

पडदा स्वच्छ झाला की उपचार संपला, असे आम्ही मानीत नाही. प्रत्येक नोंद युनिकोडमध्ये उतरवून घ्यावी, मात्रेचा आकडा मूळ पडद्याशी ताडून पाहावा आणि एक प्रत दवाखान्याबाहेर ठेवावी. रुग्णाचा वीस वर्षांचा इतिहास एका गंजलेल्या यंत्राच्या स्वाधीन राहू नये.