आतून कुजणारा पर्वत

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील माउंट रेनिअर या ४,३९२ मीटर उंचीच्या, बारमाही बर्फ वागवणाऱ्या ज्वालामुखीचा माथा सुमारे ५,६०० वर्षांपूर्वी ईशान्येच्या अंगाला ढासळला, आणि त्यातून सुटलेला सुमारे ३.८ घन किलोमीटर चिखल दऱ्याखोऱ्यांतून वाहत जाऊन थेट प्यूजेट साउंड या सागरी खाडीत उतरला. ‘ओसिओला’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या थरावर आज एनम्क्लॉ आणि बकली ही गावे वसलेली आहेत. माती आणि दगडधोंड्यांची ही सरमिसळ हिमनदीने आणून टाकली असावी, अशी पूर्वी समजूत होती. १९५६ मध्ये ड्वाइट क्रॅन्डेल आणि हॉवर्ड वॉल्ड्रन या भूवैज्ञानिकांनी तो ज्वालामुखीवरून आलेला चिखललोट, म्हणजेच लाहार, असल्याचे दाखवून दिले. या थरात चिकणमाती भरपूर आहे, आणि ती मुख्यतः पर्वताच्या माथ्यावर, तिथल्याच खडकापासून तयार झालेली होती.

खडकाची माती होण्याची ही क्रिया स्फोटाची वाट पाहत नाही. भूगर्भातील शिलारसातून सल्फर डाय-ऑक्साइड, हायड्रोजन क्लोराइड यांसारखे वायू ज्वालामुखी शांत असतानाही सुटत राहतात, बर्फ वितळून मुरलेल्या पाण्यात ते मिसळतात, आणि असे तापलेले, आम्लयुक्त पाणी भेगाभेगांतून फिरत खडकातील खनिजे बदलून टाकते. या क्रियेला उष्णजलीय परिवर्तन म्हणतात. फेल्स्पार हे खनिज आणि लाव्हा झटकन थिजल्याने बनलेली ज्वालाकाच यांच्यातील सोडियम, कॅल्शियम यांसारखी मूलद्रव्ये पाण्याबरोबर निघून जातात व मागे मृद्‌खनिजे उरतात. त्यांपैकी केओलिनाइट हा चिनी मातीचा मुख्य घटक होय. स्मेक्टाइट मात्र पाणी पिऊन फुगणारे असून, महाराष्ट्रातील काळ्या रानाला पावसाळ्यात फुगवणारी आणि उन्हाळ्यात भेगाळून टाकणारी खनिजे याच गटातली आहेत. परिवर्तन पुरते झाले की करडा, कणखर दगड पांढरट-पिवळसर पडतो, आणि हातोडीखाली खणखणण्याऐवजी त्याचा भुगा होतो.

दगड मऊ पडला एवढ्यानेच डोंगर कोसळतो असे नाही. मृद्‌खनिजांनी खडकातील बारीक छिद्रे आणि भेगा बुजल्या की आत अडकलेल्या पाण्याला वाट राहत नाही, त्याचा दाब वाढत जातो, आणि तो दाब खडकाच्या कणांना परस्परांपासून दूर रेटत असल्याने त्यांच्यातील घर्षण, म्हणजे उतार धरून ठेवणारा खरा आधार, कमी होतो. अशा अवस्थेत भूकंप, शिलारसाचे वर चढणे किंवा नुसता मुसळधार पाऊसही पुरेसा ठरतो. कोसळल्यानंतरही चिकणमातीचे काम संपत नाही, आणि हा भाग अधिक विचार करण्याजोगा आहे: वाळूगोट्यांचा लोट नदीचे पाणी मिसळत गेले की पातळ होऊन गाळ खाली टाकू लागतो, उलट चिकणमातीने बांधलेला लोट सहजासहजी फुटत नाही आणि मोठमोठे दगड पोटात घेऊन फार दूरवर जातो. डोंगराला खिळखिळे करणारी मातीच त्याच्या ढिगाऱ्याला पल्ला मिळवून देते.

ओसिओलाच्या वेळी माथ्यावर उद्रेक चालू होता. पण सुमारे पाचशे वर्षांपूर्वी त्याच पर्वताच्या पश्चिम उतारावरून प्यूयालप नदीच्या खोऱ्यात आलेल्या ‘इलेक्ट्रॉन’ लोटाला कोणत्याही उद्रेकाची जोड असल्याचा पुरावा नाही. ऑर्टिंग हे गाव याच थरावर वसलेले असून तेथे बांधकामासाठी खणताना जुन्या अरण्यातील प्रचंड वृक्षांचे गाडले गेलेले बुंधे सापडले आहेत. निकाराग्वातील कासिता या निद्रिस्त ज्वालामुखीवर ३० ऑक्टोबर १९९८ रोजी मिच चक्रीवादळाच्या पावसाने परिवर्तित खडकाचा उताराच्या मानाने लहानसाच भाग निखळला, वाटेत माती आणि पाणी ओढून घेत त्याचा लोट बनला, आणि पायथ्याच्या दोन वस्त्या पुसल्या जाऊन दोन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

कुजलेला खडक बर्फाखाली दडलेला असल्याने तो शोधण्याची युक्ती भूभौतिकीने काढली. परिवर्तनात मॅग्नेटाइट नष्ट होऊन खडकाचे चुंबकत्व जाते, तर ओल्या मातीमुळे त्यातून वीज सहज वाहते. हेलिकॉप्टरला उपकरणे टांगून रेनिअरवर केलेल्या अशा मोजणीचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. सगळा पर्वत पोखरलेला नसून जाड परिवर्तित खडक मुख्यत्वे वरच्या पश्चिम उतारावर, ‘सनसेट अ‍ॅम्फिथिएटर’ नावाच्या कड्याच्या परिसरात, उरला आहे असे त्यातून दिसले. हाच उतार प्यूयालप खोऱ्याच्या माथ्यावर येतो. त्या खोऱ्यात १९९८ पासून बसवलेली यंत्रणा लाहारामुळे होणारी जमिनीची थरथर टिपते, म्हणजे लोट सुटल्यावरच इशारा देऊ शकते; त्यामुळे ऑर्टिंगकरांच्या हाती अंदाजे पाऊण ते एक तास उरतो, आणि तेथील शाळकरी मुलांकडून पायी उंचावर पोहोचण्याचा सराव करून घेतला जातो.