गीझर बदलायचा कधी? पुण्यातल्या एका मेकॅनिकचा दिवस

सकाळी ६.४०

जानेवारीत गजर लावायची गरज पडत नाही, फोनच उठवतो. "दादा, पाणी तापत नाहीये, पोरांची शाळा आहे, लगेच या." अशा वेळी माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : खाली पाणी ठिबकतंय का? ठिबकत नसेल तर निम्मी काळजी मिटली. पाणी तापत नाही म्हणजे बहुतेक वेळा कॉइल, थर्मोस्टॅट नाहीतर कटआउट गेलेला असतो, आणि हे तिन्ही बदलता येतात. आतली टाकी मात्र बदलून परवडत नाही. टाकी म्हणजेच गीझर, बाकी सगळं तिला जोडलेलं सामान. म्हणून 'किती वर्षांचा झाला?' या प्रश्नाला माझ्या लेखी फारसा अर्थ नाही. टाकीला कसलं पाणी पाजलंत, ते सांगा.

८.००, कोथरूड

पंधरा लिटरचा गीझर, आठ वर्षं वापरातला. मेन बंद केला, टेस्टर लावून खात्री केली, मग खालचं झाकण काढलं. दोन हजार वॅटची कॉइल मीटरवर साधारण २६ ओहम दाखवते. इथं बरोबर तेवढंच आलं, म्हणजे कॉइल ठणठणीत. कटआउटचं लाल बटण तेवढं उडालं होतं. ते दाबलं की गीझर चालू होतो आणि बरेच जण तिथंच पैसे घेऊन निघतात. पण बटण आपोआप उडत नाही. थर्मोस्टॅटचे पॉइंट चिकटले होते, त्यामुळे पाणी हद्दीबाहेर तापलं आणि कटआउटनं आपलं काम केलं. थर्मोस्टॅट बदलला.

साहेब चहाचा कप घेऊन दारातच उभे. "आठ वर्षं झाली की हो. फाइव्ह स्टार घेऊन टाकू का? लाइट बिल तरी कमी येईल."

हा प्रश्न रोजचाच. गीझरवरचे स्टार कशाचे असतात, तर तापलेलं पाणी नुसतं ठेवून दिल्यावर चोवीस तासांत किती उष्णता वाया जाते त्याचे. पाणी तापवायला लागणारी वीज स्टार बघून ठरत नाही. पंधरा लिटर पाणी वीस अंशांवरून साठवर न्यायचं म्हणजे ०.७ युनिट लागणारच, गीझर कुठलाही असो. दिवसभर बटण चालू ठेवणाऱ्या घरात स्टारचा उपयोग आहे. आंघोळीआधी लावून नंतर बंद करणाऱ्यांनी बिलासाठी चांगला गीझर भंगारात घालू नये. साहेबांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "मग हा अजून किती चालेल?" इथं पालिकेचं खडकवासल्याचं पाणी येतं, मऊ. टाकी कोरडी होती, गंजाचा डाग नव्हता. "मे महिन्यात उघडून टाकीतला मॅग्नेशियमचा रॉड बघू," म्हटलं.

१०.००, सूस

सोसायटीला टँकर आणि बोअर. गीझर जेमतेम चार वर्षांचा, पण चालू केला की ईएलसीबी पडतो. इथं माणसं ईएलसीबीलाच शिव्या देतात. खरं तर त्याचे आभार मानायला हवेत, कारण करंट पाण्यात उतरतोय हे तोच सांगतो. एका घरात तर मला सुचवलं गेलं होतं, "तो काढूनच टाका ना." तसलं काम मी करत नाही.

पाणी काढून फ्लँज खोलली. बादलीत आधी तांबूस पाणी पडलं, मागोमाग मूठ-दोन मूठ क्षाराचे पापुद्रे. कॉइलवर पांढरा थर इतका जाड की तिची वळणंच दिसेनात. त्या थरामुळे उष्णता पाण्यात जात नाही, कॉइल आतल्या आत भाजते आणि तिच्या नळीला तडा जातो. शेजारी मॅग्नेशियमचा रॉड असायला हवा. त्याची नुसती तार उरली होती.

या रॉडची गोष्ट गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही. लोखंडी टाकीला आतून काचेचा लेप असतो, पण त्यात कुठंतरी बारीक फट राहतेच. तिथं गंज चढू नये म्हणून मॅग्नेशियम स्वतः झिजतं. ते आहे तोवर टाकी सुरक्षित. संपलं की पाणी टाकीला खायला लागतं. जड पाण्यात रॉड भराभर संपतो. वर्षा-दीड वर्षानं बघून बदलला असता तर हीच टाकी अजून कितीतरी वर्षं टिकली असती.

बॅटरी आत धरून ताईंना तपकिरी चट्टे दाखवले. "कॉइल घालून देतो, आज पाणी तापेल. पण टाकी जाणार, आणि तुमचे कॉइलचे पैसेही तिच्याबरोबर जाणार." लेपाच्या टाकीला वेल्डिंग चालत नाही, आचेनं लेपच तडकतो. ताईंना आधी वॉरंटी कार्ड शोधायला लावलं. टाकीची वॉरंटी बहुधा कॉइलपेक्षा जास्त वर्षांची असते आणि लोक ते विसरतात. नवीन घ्यायचा झाला तर पहिल्या वर्षीच रॉड तपासायचा, हेही कार्डाच्या मागे लिहून दिलं.

१२.१५, बाणेर

अकरावा मजला. "गीझर लीक झालाय, नवा मागवलाय, जुना काढून द्या." बघतो तर थेंब सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडातून पडत होते आणि तेही पाणी तापतानाच. पंचवीस लिटर पाणी वीसवरून साठ अंशांवर गेलं की साधारण पाव ते अर्धा लिटर फुगतं. व्हॉल्व्ह ते मागे पाइपात जाऊ देत नाही, म्हणून बाहेर सोडतो. गीझर थंड असताना ठिबक थांबते, मग लीक कसली? कुणीतरी शहाण्यानं त्या तोंडाला बूच लावायचं सुचवलं होतं. तेवढं केलं नव्हतं, हे नशीब. व्हॉल्व्हला बारीक नळी जोडून मोरीत सोडली. नवा गीझर परत पाठवायचा फोन त्यांनी माझ्यासमोरच केला.

१.३०

डबा. पोळी-भाजी, आणि सूसच्या पाण्याची चव तोंडात असल्यानं घरून आणलेलं पाणी.

२.१५, सदाशिव पेठ

वाड्याची इमारत झाली, पण आजींनी गीझर जुनाच ठेवलाय, तांब्याच्या टाकीचा. मुलगा म्हणतो, काढून टाकू. आजी म्हणतात, "आमचा बंब चाळीस वर्षं होता. बूड गेलं की तांबट आळीत न्यायचा, नवीन बूड घालून आणायचा." आजींचं बरोबर आहे. बंबाला न बदलता येणारा भाग नव्हताच. या तांब्याच्या टाकीलाही झाळ मारता येते. पण मला खटकली ती वेगळीच गोष्ट : प्लगला अर्थिंगच नव्हतं आणि बाथरूमच्या लाइनवर ईएलसीबीही नव्हता. मुलाला सांगितलं, गीझरचे पैसे वाचवा आणि आधी वायरमन बोलवा. तोवर बादली भरली की बटण बंद, मगच आंघोळ.

३.३०, तपकीर गल्ली

कॉइल, थर्मोस्टॅट, गॅस्केट, रॉड. दुकानदार स्वस्तातली कॉइल पुढं करतो, मी मागं सारतो. रॉड मागितला की तो अजूनही म्हणतो, "हे कोण बदलतं?"

५.१५, धायरी

गॅस गीझर, बंद बाथरूममध्ये, खिडकीला प्लास्टिक लावलेलं. थंडी वाजते म्हणून. तक्रार काय, तर ज्योत लवकर विझते. नवरा-बायको, लहान मुलगी. मुलीला आंघोळीत चक्कर आली होती, असं आई सहज बोलून गेली.

मी हत्यारं पिशवीतून काढलीच नाहीत. बंद जागेत गॅस जळला की ऑक्सिजन कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. माणूस बसल्या जागी बेशुद्ध पडतो. अशा गीझरचं वय, मॉडेल, दुरुस्तीचा खर्च, काही बघायचं नसतं. त्याच मिनिटाला बंद करायचा. सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद केला, खिडकीवरचं प्लास्टिक काढलं आणि मुलीला आजच डॉक्टरांना दाखवायला सांगितलं. गीझर ठेवायचाच असेल तर उघड्या बाल्कनीत, पाइप आत घेऊन. नाहीतर विजेचा. "आजच्या दिवस तरी चालू करून द्या," असं ते म्हणाले. मी नाही म्हणालो आणि व्हिजिटचे पैसेही घेतले नाहीत.

रात्री ८.३०

वही. प्रत्येक घरापुढं पाणी कुठलं, टाकी कसली, रॉड किती उरलाय. ज्यांचा रॉड संपत आलाय त्यांना उन्हाळ्यात फोन करायचा, कारण थंडीत पाणी बंद पडलं की माणूस विचार करत नाही, मिळेल तो गीझर उचलतो. माझा हिशोब सोपा आहे. टाकी गळाली, तर बदला. टाकीत गंज आणि वर मोठा खर्च, तरी बदला. गॅसचा बंद बाथरूममध्ये असेल, तर आत्ताच काढा. बाकी सगळी दुरुस्ती.

नऊच्या सुमारास एक फोन. "दादा, सेल लागलाय, उद्यापर्यंतच आहे. आमचा सहा वर्षांचा झाला, घेऊन टाकू का?"

"तुमच्याकडं पाणी कुठलं?"

"पालिकेचं."

"मग रविवारी येतो, आधी उघडून बघू. सेल काय, दसऱ्याला परत लागेल."